माझ्या आईखेरीज

आमच्या घरच्या ग्रुपवर माझं नाव 'हरकत' पडलं आहे. कुणी काही पुढे पाठवलं की मी खाली लिहिते, "खोटं आहे." कोमट पाण्यानं सगळे रोग बरे होतात, खोटं. अमुक नंबरचा फोन उचलला की हातातच स्फोट होतो, खोटं. माझे थोरले दीर तर हल्ली निरोपाच्या शेवटी आधीच लिहून टाकतात, 'हरकतबाईंची क्षमा मागून.' मी वकील आहे. दिवसभर कोर्टात फी घेऊन हरकती घेते, तेव्हा लोक मान डोलावतात. घरी फुकट घेते, तर कुणी विचारत नाही.

त्या रविवारी सकाळी दिरांनी जी सूचना टाकली ती माझ्या जुन्या ओळखीची होती. हे भूत दर दोन-तीन वर्षांनी उठतं. 'उद्यापासून नवा नियम लागू. बातम्यांतही दाखवलं. तुमचे फोटो, तुमचे निरोप, तुम्ही पुसून टाकलेलंसुद्धा आता कंपनी वापरू शकते. खालचा मजकूर स्वतःच्या पानावर टाका. नुसता शेअर करू नका, कॉपीच करा. वकिलाला विचारून लिहिला आहे. करून ठेवायला काय जातं?' कोण हा वकील, त्याला मला एकदा भेटायचंय. मी 'खोटं' एवढं लिहिलं, 'आहे' लिहायचं बाकी होतं, आणि खालचा मजकूर वाचता वाचता माझं बोट थांबलं.

'मी खाली नाव असलेली व्यक्ती सत्यप्रतिज्ञेवर जाहीर करते की, सदर खात्यावरील माझी छायाचित्रे, चलच्चित्रे व आवाज ही माझी स्वतःची मालमत्ता असून, माझ्या आईखेरीज अन्य कोणाही इसमास ती पाहता, दाखवता अगर वापरता येणार नाहीत. येणेप्रमाणे वाचून पाहिले, ऐकले, व असेच आहे.'

आता माझे दीर मिशाळ गृहस्थ. ते 'जाहीर करते' म्हणतायत हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. त्यांच्या आईला, म्हणजे माझ्या सासूबाईंना, जाऊन जमाना लोटला. न वाचता चिकटवलं की असंच व्हायचं. पण मी थांबले ते हसू आलं म्हणून नाही. 'वाचून पाहिले, ऐकले, व असेच आहे' हे वाक्य कायद्याच्या कुठल्याही पुस्तकात नाही. आमच्या कोर्टात ते एकच बाई लिहिते, आणि माझी निम्मी प्रतिज्ञापत्रं तिच्या हातची आहेत. मी 'खोटं' पुसून टाकलं. ग्रुपवर त्या दिवशी हरकत आली नाही म्हणून दोघांनी माझ्या तब्येतीची चौकशी केली.

त्या बाईंना सगळे टकटक मावशी म्हणतात. कोर्टाच्या मागच्या व्हरांड्यात टायपिस्टांची टेबलं आहेत, त्यातलं शेवटचं, खांबाच्या आडोशाचं टेबल मावशींचं. टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आला तरी त्यांची बोटं अजून लोखंडी बटणंच दाबतात. कीबोर्ड वर्षभर टिकत नाही, 'ह' आणि 'र' आधी जातात. पक्षकार येतो, आपलं गाऱ्हाणं सांगतो, मावशी ते कोर्टाच्या भाषेत बसवतात. इथपर्यंत बाकीच्या टायपिस्टांसारखंच. पण कागद छापायच्या आधी मावशी हात मांडीवर घेतात आणि सगळा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवतात. एक परिच्छेद वाचला की थांबतात. समोरच्यानं "हो, असंच" म्हणायचं. नुसतं "हं" चालत नाही, मान हलवलेली तर मुळीच नाही. "हो, असंच" आलं की पुढचा परिच्छेद.

वकिलांना ह्याचा वैताग येतो. मला तर सर्वांत जास्त, कारण माझ्याजवळ धीर हा पदार्थ नाही. एकदा एक बडा माणूस म्हणाला, "बाई, उरका ना, मला वेळ नाही." मावशी म्हणाल्या, "म्हणणं तुमचं आहे साहेब, माझं नाही. तुम्हालाच म्हणावं लागेल." आणि गप्प बसून राहिल्या. साहेबांनी शेवटी शाळेतल्या पोरासारखं पाच वेळा "हो, असंच" म्हटलं. पण मी हेही पाहिलंय की एक म्हातारी भावांबरोबर आपला हिस्सा सोडून द्यायला आली होती, आणि तिसऱ्या परिच्छेदानंतर ती काही बोलेचना. मावशींनी पुन्हा वाचलं. म्हातारी म्हणाली, "हे मी कुठं म्हणाले?" भावांची तोंडं बघण्यासारखी झाली. तो कागद काही छापला गेला नाही.

मावशी टायपिंग शिकल्या ते नवऱ्यामुळे. तो एके दिवशी कामाला म्हणून गेला तो दुसऱ्याच संसारात गेला. "त्यानंही तेव्हा वाचून दाखवलं नव्हतं," असं त्या हसून सांगायच्या. पदरात एक मुलगी होती. ती ह्या टेबलाखालीच मोठी झाली. पावाच्या कडा दोन्ही गालांत भरून ठेवायची आणि तसल्या तोंडानं बोलायची, म्हणून व्हरांड्यानं तिचं नाव खारू ठेवलं. वापरलेले कार्बन पेपर ही तिची खेळणी. आमच्या अशिलांच्या पांढऱ्या कपड्यांवर तिच्या काळ्या बोटांचे ठसे उठायचे आणि मावशी लोकांच्या माफ्या मागत बसायच्या.

खारू मोठी झाली आणि दोन गल्ल्या पलीकडच्या चष्म्याच्या दुकानात कामाला लागली. जीभ तिखट, हात हलका. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम चढवायची, एक पाऊल मागे सरकायची, मान कलती करायची आणि निकाल द्यायची. मी आता नाकावर घालून हे लिहितेय ती फ्रेम तिनंच निवडलेली. "वकीलबाई, हीच घ्या. हिच्यात तुम्ही जरा कमी भांडकुदळ दिसता." मी घेतली. बरीच महाग होती.

मग तिला ताप आला. साधा ताप म्हणून दोन दिवस घरी काढले, नंतर दवाखाना, मग मोठा दवाखाना, आणि आठवड्याच्या आत खारू गेली. ज्या पोरीच्या बडबडीनं व्हरांडा भरलेला असायचा तिच्यासाठी कुणाला एक वाक्य धड बोलता येईना. मीही गेले होते. मावशींचा हात हातात घेऊन बसले आणि परत आले.

काही दिवसांनी मावशी पुन्हा टेबलावर आल्या. वारसाच्या प्रकरणांत 'मयत' हा शब्द पानोपानी येतो. मयताचे वारस, मयताचे खाते, मयताच्या नावे असलेले घर. मावशी तो दिवसभर टाइप करायच्या, वाचून दाखवायच्या. पण खारूविषयी बोलताना त्या "खारू नाहीये" एवढंच म्हणायच्या. जणू पोरगी कोपऱ्यावर काही आणायला गेलीय. आम्ही कुणी ते दुरुस्त करायला गेलो नाही.

तर, सोमवारी मी मधल्या सुट्टीत त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि फोन पुढे केला. "मावशी, हे तुमचं ना?"

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून वाचलं. चेहऱ्यावर चक्क आनंद दिसला. "तुमच्यापर्यंत आली? कुणाकडून?"

"माझ्या दिरांकडून. त्यांना कुणी पाठवली ते देव जाणे."

"बघा, किती लांब गेली. मूळची सूचना अगदीच गचाळ होती हो. ना शेंडा ना बुडखा. मी नीट बसवली आणि खारूच्या पानावर टाकली. तिचा फोन आहे माझ्याकडे." टेबलाच्या खणातून त्यांनी तो काढला. मागच्या बाजूला अजून तिनं चिकटवलेलं पिवळं फूल होतं. "तिच्या मैत्रिणी आधी दचकल्या. एकीनं खाली लिहिलं, 'तू?' मग मी खुलासा केला. मग एक म्हणाली, खारूची इच्छा आहे तर आपणही टाकू. तिनं टाकली, तिचं बघून आणखी कुणी टाकली."

"पण कशासाठी, मावशी?"

मावशींनी खारूचा फोन बाजूला ठेवला. आपला स्वतःचा फोन काढला आणि बोटानं पडदा खाली ओढला. लग्नाचे फोटो आले, कुणाचं बाळ आलं, कुणाची मोटार आली. पुन्हा खाली ओढला. मी काहीतरी बोलणार तेवढ्यात त्यांनी हात वर केला, थांबा म्हणून. बोट सारखं ओढत होतं. विहिरीतून पाणी शेंदणाऱ्या बाईचा हात जसा सवयीनं चालतो तसा चालत होता. आणि मग खारू आली.

चष्म्याच्या दुकानाची जाहिरात होती. खारूनं एक फ्रेम डोळ्यांवर चढवली, मान कलती केली, समोर बघितलं आणि हसली. पुन्हा चढवली, पुन्हा मान कलती, पुन्हा हसली. खाली लिहिलं होतं, 'नवीन फ्रेम आल्या आहेत. या, वाट बघतेय.' दुकानदारानं ती कधीतरी हौसेनं काढून घेतली असणार. व्हरांड्यात भर दुपारची वर्दळ होती, शेजारच्या टेबलावर घटस्फोटाचं काम चाललं होतं, आणि गेलेली पोर आम्हा दोघींकडे बघून हसत होती.

"तिला चष्मा नव्हता हो," मावशी म्हणाल्या. "डोळे लख्ख होते तिचे. मला तेच सहन होत नाही. तीच आहे, आणि ती नाहीये. आणि ही कुणालाही दिसते. परवा एक पक्षकार माझ्यासमोर बसून फोन चाळत होता, त्याच्याही फोनमध्ये आली. त्यानं अंगठ्यानं ढकलून दिली. माझ्या पोरीला असं ढकलून दिलं. म्हणून लिहिलं मी. माझ्याखेरीज कुणी बघायचं नाही."

आता इथं मला गप्प बसता आलं असतं. पण खोटं दिसलं की माझ्या जिभेला खाज सुटते, आणि ही सूचना तर खोट्याची आई. मी म्हणाले, "मावशी, ह्याचा काडीचा उपयोग नाही."

"का? जाहीर आहे. सत्यप्रतिज्ञेवर आहे."

"असू दे. खारूनं खातं उघडलं तेव्हा 'मान्य' ह्या शब्दावर बोट ठेवलं. मी ठेवलं, तुम्ही ठेवलं, कुणी वाचलं नाही. करार तो. फोटो आपलेच राहतात, पण तिथं दाखवायची परवानगी आपण तेव्हाच देऊन बसतो. नंतर एकट्यानं काहीही जाहीर केलं तरी करार बदलत नाही. भाडेकरूनं दारावर पाटी लावली की पुढच्या महिन्यापासून भाडं देणार नाही, तर ती घरमालकावर बंधनकारक होते का?"

"नाही," मावशी म्हणाल्या. कायद्यातलं त्यांना सांगावं लागत नाही.

"पटत नसेल तर आत सेटिंगमध्ये जाऊन कुणाला काय दिसावं ते ठरवायचं, नाहीतर खातंच बंद करायचं. आणि ही जाहिरात तर खारूच्या खात्यातली नाहीच! ती दुकानाची आहे. दुकानदार पैसे भरतो म्हणून फिरते. तुम्ही सगळ्या जगाला नोटीस दिलीत. ज्याच्या हातात आहे त्याला सांगितलंत का? दोन गल्ल्या पलीकडे तर आहे."

"रोज त्याच रस्त्यानं जाते मी," मावशी म्हणाल्या.

"मग आत का नाही गेलात?"

त्यांचं बोट पुन्हा पडदा ओढायला लागलं होतं, आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजाडलं. आत जाऊन सांगितलं असतं तर ती खरंच थांबली असती. मावशींना ती थांबायला नको होती. जगानं बघू नये, पण आपल्याला दिसत राहावी, एवढंच त्यांना हवं होतं. ते देणारा कायदा कुठल्याच देशात नाही, म्हणून त्यांनी तो स्वतः टाइप केला होता.

हे कळल्यावर तरी मी थांबायला हवं होतं. पण मी विचारलं, "मावशी, ही सूचना खारूच्या तोंडची आहे. 'मी जाहीर करते.' छापायच्या आधी वाचून कुणाला दाखवलीत? 'हो, असंच' कोण म्हणालं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग दोन्ही फोन खणात ठेवले, कीबोर्डवर कापड घातलं, आणि बाजूला ताटकळत बसलेल्या एका माणसाचं अर्धं प्रतिज्ञापत्र तसंच टाकून उठून गेल्या. इतक्या वर्षांत मावशींनी कुणाचं काम अर्धं टाकलं नव्हतं. तो माणूस माझ्याकडे बघायला लागला, मी खांबाकडे.

कडक बोलणं हा माझा धंदा आहे, त्यावर माझं घर चालतं. त्या दिवशी मात्र मला माझीच चीड आली. मी जे बोलले ते खरं होतं, पण खरं बोलायची ही काय रीत झाली?

संध्याकाळी स्वयंपाकघरात उभी राहून फोन बघत होते, तर माझ्याही फोनमध्ये खारू आली. दुपारी मी दुकानाचं पान शोधलं होतं, त्याचं हे बक्षीस. ही यंत्रं आपण कशाकडे टक लावून बघितलं ते बरोबर लक्षात ठेवतात आणि पुन्हा पुढ्यात आणून ठेवतात. तिनं फ्रेम चढवली, मान कलती केली, हसली. आवाज बंद होता तरी मला ऐकू आलं, 'कमी भांडकुदळ दिसता.' मी चष्मा काढला. ती धूसर झाली, पण गेली नाही. पुन्हा मान कलती केली, पुन्हा हसली. मला भीती वाटली, हे सांगायला लाज कसली? फोन मी पिठाच्या डब्यात ठेवून दिला आणि नवऱ्यानं कारण विचारलं तेव्हा त्याच्यावरच खेकसले.

मावशी दोन दिवसांनी कामावर आल्या, पण त्या आठवड्यात त्यांनी कुणालाही काही वाचून दाखवलं नाही. टाइप करायच्या, छापायच्या, कागद पुढे सरकवायच्या. घाईच्या लोकांना बरं वाटायला हवं होतं. पण मी पाहिलं, लोक कागद हातात घेऊन उगाच घुटमळायचे. एकजण म्हणाला, "तुम्ही वाचता ना ओ?" मावशी म्हणाल्या, "सही करा." व्हरांड्याच्या त्या टोकाला कुणी मेल्यासारखं वाटत होतं, आणि तिथं खरोखरच कुणीतरी मेलं होतं, फक्त ते आम्हाला आत्ता जाणवत होतं.

मग एका दुपारी त्या माझ्या टेबलाशी आल्या. हातात टाइप केलेला एक कागद होता, घडी न घालता धरलेला. "वकीलबाई, वेळ आहे? दुकानात यायचं माझ्याबरोबर."

दुकान अरुंद आहे. दोन्ही भिंतींना फ्रेमा टांगलेल्या, मधे मधे आरसे. आपण आत शिरलो की चारही बाजूंनी आपणच आपल्याकडे बघतो. मागच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांपासून बारीक होत जाणारा तक्ता. स्टूल तेच होतं, ज्यावर बसवून खारूनं माझं नाक मापलं होतं. दुकानदार काउंटरमागे होता, थोराड बांध्याचा, मवाळ डोळ्यांचा माणूस. मावशींना बघितल्यावर तो उभा राहिला आणि काय करावं ते न सुचून एक स्वच्छच काच पुसायला लागला.

"भाऊ," मावशी म्हणाल्या, "ती जाहिरात बंद करायचीय. अर्ज आणलाय."

"अहो मावशी, अर्ज कसला! नुसता निरोप धाडला असतात तरी..." तो म्हणाला आणि थांबला. काच पुसणंही थांबलं. "खरं सांगू? मला केव्हाच बंद करता आली असती. एका बोटाचं काम. दर महिन्याला फोन विचारतो, चालू ठेवायची का? मी 'हो' दाबतो. धंद्यासाठी नाही, शपथ घेऊन सांगतो. सकाळी कुलूप काढतो, फोन बघतो, ती असते. वाटतं, आली कामावर."

हरकत घ्यायला जागाच नव्हती.

"मलाही तसंच वाटतं," मावशी म्हणाल्या. "म्हणून तर आले. आपण दोघांनी तिला कामाला जुंपून ठेवलंय, भाऊ. मान कलती कर, हस. मान कलती कर, हस. पोरीला सुट्टीच नाही." एवढं बोलून त्यांनी कागद माझ्या हातात दिला. "तुम्ही वाचा. म्हणणं माझं आहे, तर मीच वाचून चालायचं नाही."

मी इतक्या न्यायाधीशांपुढे वाचलंय, पण त्या स्टुलाशेजारी उभी राहिले आणि आधी चष्मा पुसून घेतला. "'मी, खाली सही करणार, मयत...'" पुढे खारूचं कागदोपत्री नाव होतं, ते कुणी कधी वापरलं नव्हतं, "'...हिची आई, लिहून देते की...'"

"थांबा," मावशी म्हणाल्या. "पहिली ओळ पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचली. 'मयत' म्हणताना माझा आवाज मलाच परका वाटला. आरशांत आम्ही तिघं कितीदा तरी उभे होतो, आणि चौथी कुठंच नव्हती. दुकानदार खाली बघत होता. मावशी त्या रिकाम्या स्टुलाकडे बघत राहिल्या. मला वाटलं, त्या आता म्हणतील, हे मी कुठं म्हणाले? मी कागद फाडायची तयारी ठेवली होती.

"हो," त्या म्हणाल्या. मग बऱ्याच वेळानं, "असंच."

बाकीचा अर्ज चारच ओळींचा होता. पुढच्या ओळींना त्यांनी लगेच लगेच "हो, असंच" म्हटलं. दुकानदारानं फोन काढला. बंद करायच्या आधी त्यानं विचारलं, "मावशी, मूळची चित्रफीत माझ्याकडे आहे. तुमच्या फोनमध्ये घालून देतो. म्हणजे वाटेल तेव्हा बघता येईल."

"नको," मावशी म्हणाल्या. "वाटेल तेव्हा मी फोटो बघतेच. ही कशी, आपणहून यायची. मी वाट बघत बसायची आणि ही यायची, कामावरून यायची तशी. फोनमध्ये घालून घेतली तर मीच तिला हाक मारणार आणि तिला यावंच लागणार. तसं नको."

त्यानं बोट ठेवलं. पडद्यावर काही खास घडलं नाही. आम्ही बाहेर पडलो. रस्त्यात मावशी रडल्या, भर बाजारात, तोंड न झाकता, आणि मीही रडले. एक भाजीवाला आमच्याकडे बघत होता, त्याला मी खेकसून विचारलं, "काय बघतोस?"

त्यानंतर मावशींनी खारूच्या पानावरून ती सूचना काढून टाकली. पण एकदा सुटलेली सूचना काढून टाकता येत नाही, ती लोकांची होऊन जाते. माझ्या मामेबहिणीनं टाकली. कोर्टातल्या एका शिपायानं टाकली. निवृत्त न्यायाधीशांच्या पानावर मी ती माझ्या डोळ्यांनी पाहिली, न्यायाधीशसाहेब जगाला सांगत होते की माझे छायाचित्र माझ्या आईखेरीज कुणी पाहू नये. पूर्वीची मी असते तर चार ओळींचं खरमरीत उत्तर लिहिलं असतं. आता मी हा करार-बिरार समजावून सांगते, पण आधी विचारते, कुणाचा फोटो आहे? कुणाला दिसू नये असं वाटतंय? बहुतेकांना भीती वेगळीच असते. एकीला सोडलेल्या नवऱ्याची असते, एकाला मुलीच्या वर्गातल्या कुणाची. त्यावर सेटिंगमध्ये खरा उपाय असतो, आणि तो करायला चहाच्या एका कपाएवढा वेळ लागतो. सूचना चिकटवली की माणसाला वाटतं झालं काम, आणि खरी दारं उघडीच राहतात. मला खरा राग त्याचा आहे.

मावशी पुन्हा वाचून दाखवायला लागल्या. मधल्या सुट्टीत कधीकधी त्यांचं बोट पडदा खाली ओढत असतं. लग्न, बाळ, मोटार. मी बघितलं की त्या फोन पालथा ठेवतात आणि म्हणतात, "सवय हो, दुसरं काय."

गेल्या आठवड्यात एक माणूस त्यांच्या टेबलाशी आला. मी शेजारीच माझ्या कागदांची वाट बघत बसले होते. त्यानं फोन पुढे केला. "हे प्रतिज्ञापत्रावर टाइप करून द्या. नोटरीचा शिक्का मारून घेतो. म्हणजे पक्कं काम."

मावशींनी फोन घेतला. तीच सूचना होती. त्यांनी नेहमीसारखा हात मांडीवर घेतला आणि मोठ्यानं वाचलं, अगदी शेवटपर्यंत. मग विचारलं, "आई आहे तुम्हाला?"

"नाही. केव्हाच गेली."

"मग ही ओळ कुणाची?"

"मूळ मजकुरात आहे बाई, राहू द्या."

"ह्याचा उपयोग नसतो," मावशी म्हणाल्या आणि त्याला सगळं समजावून सांगितलं, माझ्या भाडेकरूच्या पाटीसकट. तो ऐकून घेत होता, पण लोक जसं ऐकतात तसं. शेवटी हसून म्हणाला, "असेल. पण करून ठेवायला काय जातं?"

"जातं," मावशी म्हणाल्या, आणि फोन परत दिला.

त्याला वाटलं बाईंना काम नकोय. तो शेजारच्या टेबलावर गेला. तिथला टायपिस्ट काही विचारत नाही. माणूस फोनमधून सांगायला लागला आणि तो बडवायला लागला. मी, खाली नाव असलेली व्यक्ती. माझी छायाचित्रे, चलच्चित्रे व आवाज. मावशींची बोटं कीबोर्डवर ठेवलेली होती, पण चालत नव्हती. "माझ्या आईखेरीज," तो माणूस म्हणाला, आणि श्वास घ्यायला थांबला.

"हो, असंच," मावशी म्हणाल्या. इतक्या हळू की बहुधा मलाच ऐकू आलं. मग त्यांनी माझा कागद पुढे ओढला आणि वाचायला सुरुवात केली.